ओलावामापकांची हवेतील पाळी

मातीतील ओल मोजून तिचा आकडा बिनतारी मार्गाने कळविणारी लहान यंत्रे आता ऊस व द्राक्षाच्या शेतांतून दिसू लागली आहेत. मुळांपाशी पुरलेला मापक, त्याला जोडलेला बॅटरीचा प्रेषक आणि गावात उंच जागी बसविलेले ग्राहक केंद्र, एवढाच हा संसार. एका केंद्रावर अनेक शेते विसंबतात. यंत्रे वाढली की काहींचे आकडे येईनासे होतात. मग शेतकरी अंदाजाने पाणी सोडतो, आणि भारी काळ्या जमिनीत त्याचे परिणाम काय होतात हे सांगणे नकोच. दोष यंत्राच्या माथी मारला जातो. पुष्कळदा तो हवेच्या वाटणीत असतो.

या कामी वापरला जाणारा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा लहरीपट्टा अल्पशक्तीच्या साधनांसाठी २००५ साली परवानामुक्त झाला. फुकट असला तरी तो अमर्याद नव्हे. पांझरेवरील फडात पाणी पाळीने मिळते, कारण तेथे पाटकरी असतो. येथे तो नाही. लोरा पद्धतीचे प्रेषक सामान्यतः मनास येईल तेव्हा बोलतात. दोन संदेश एकमेकांवर आदळले की बहुधा वाया जातात. हवाई विद्यापीठात १९७१ साली सुरू झालेल्या अलोहा जाळ्याची रीत हीच होती. तिच्या गणिताप्रमाणे वाहिनीचा फार तर शेकडा १८ वेळ सत्कारणी लागतो.

हा वेळ सर्वांत अधिक खातो तो सावकाश बोलणारा प्रेषक. गतीच्या ७ ते १२ अशा सहा पायऱ्या आहेत. सातव्या पायरीवर सेकंदाच्या विसाव्या भागात उरकणाऱ्या लहान संदेशास बाराव्या पायरीवर सेकंदाहून अधिक वेळ लागतो व बॅटरीही त्या मानाने खर्ची पडते. अंतर व आडोसा यांमुळे प्रेषकास खालची गती घ्यावी लागते. लागणीच्या वेळी मोकळ्या रानात उत्तम चाललेले यंत्र पुढे मुके होते ते यामुळेच. पुरुषभर उंचीच्या उसाची ओली पाने लहरी शोषून घेतात. म्हणून एरियल पूर्ण वाढलेल्या उसाच्याही वर राहील असा खांब प्रथमच रोवावा.

ओल मिनिटामिनिटाला बदलत नाही. तासाला एक आकडा पुरे. मात्र सर्व यंत्रे ठोक्यालाच बोलतील अशी लावू नयेत, वेळा मागेपुढे ठेवाव्यात. जवळच्या प्रेषकांस वेगवान पायरीवर नेण्याची स्वयंचलित सोय चालू ठेवावी, म्हणजे शेवटच्या शेताला हवा मोकळी मिळेल. तरीही ते बाराव्या पायरीवरच राहिले, तर त्या बाजूस दुसरे केंद्र बसविणे इष्ट.