निकामी तोफांचा रणगाडा

शूर माणसाची गोष्ट सांगताना लोक बहुधा त्याने किती शत्रू लोळवले हे मोजतात. हेन्री फूट या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या सन्मानपत्रात तो हिशेबच नाही. आम्हांला त्याची गोष्ट सांगावीशी वाटली ती त्यामुळेच.

फूटचा जन्म ५ डिसेंबर १९०४ चा, बंगालमधील इशापूरचा. आजोबा रॉबर्ट ब्रूस फूट नामांकित भूगर्भशास्त्रज्ञ. १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरम येथे त्यांना अश्मयुगातले दगडी हत्यार सापडले, आणि आपल्या दक्षिण मराठी मुलखाच्या खडकांवरही त्यांनी ग्रंथ लिहिला. आजोबा दगडाच्या हत्यारांमागे, तर नातू १९२५ पासून रणगाड्यांच्या दलात.

१९४२ च्या उन्हाळ्यात तो लिबियाच्या वाळवंटात सातव्या रॉयल टँक रेजिमेंटचा प्रमुख होता. २६ मे रोजी जर्मन सेनापती रोमेलने गझालाच्या आघाडीवर चढाई केली. फूटच्या पलटणीकडे माटिल्डा व व्हॅलेंटाइन जातीचे रणगाडे होते. चिलखत जाड, पण चाल बैलगाडीची म्हणावी अशी. चांगल्या रस्त्यावरही ताशी सुमारे २४ किलोमीटर. तोफ ४० मिलिमीटर तोंडाची. तिच्यातून भरीव गोळा सुटे. तो शत्रूच्या रणगाड्याला ठीक, पण वाळूत दडवलेल्या तोफेच्या माणसांवर त्याचा फारसा उपयोग नाही, कारण तो फुटत नाही. उलट जर्मनांची ८८ मिलिमीटरची तोफ लांबूनच हे चिलखत फोडी. अशा गाडीतून त्या तोफांवर चालून जाणे म्हणजे काय, हे वाचकांनी ताडावे.

६ जूनला फूटचा रणगाडा निकामी झाला. दुसऱ्यात चढताना त्याच्या मानेला जखम झाली. तरी तो रणगाड्याच्या बाहेर, उघड्यावर राहून पलटण चालवीत राहिला. तोही रणगाडा मोडल्यावर गोळ्यांच्या भडिमारात पायी पुढे गेला. संध्याकाळपर्यंत दोन ब्रिटिश डिव्हिजनांना वेढण्याचा शत्रूचा डाव फसला.

१३ जूनचा प्रसंग याहून अवघड. नाइट्सब्रिज हे वाळवंटातल्या एका चौफुलीला ब्रिटिश सैनिकांनी दिलेले नाव, मूळचे लंडनमधले. तेथे गार्ड्स ब्रिगेड अडकली होती. तिला निघून जाता यावे म्हणून फूटने जर्मन रणगाड्यांना थोपवायचे होते. त्याच्या रणगाड्यांची पहिली फळी नष्ट झाली. उरलेले त्याने गोळा केले, आणि मारा चालू असतानाच पायी एका रणगाड्याकडून दुसऱ्याकडे जाऊन आतल्यांना धीर दिला. मग एका रणगाड्यात बसून तो सर्वांच्या पुढे नेऊन उभा केला. त्याला गोळे लागत होते आणि त्याच्या साऱ्या तोफा बंद पडल्या होत्या. मारता येत नव्हते. उभे राहता येत होते. मागच्यांना आपले डोके बुरुजातून दिसावे म्हणून तो उभा राहिला. वाट मोकळी राहिली आणि ब्रिगेड बाहेर पडली.

आम्ही कामगार संघटनेची माणसे. साम्राज्याच्या अधिकाऱ्याचे कौतुक आम्ही कशाला करावे, असे कोणी विचारील; त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबईत ‘चले जाव’ची हाक उठली होती. प्रश्न रास्त आहे. पण पुढारी दिसणे आणि न दिसणे यातला फरक आम्ही पाहिला आहे. एका कारखान्याच्या दाराशी लाठ्या उगारल्या जाताच आमचा एक वक्ता हळूच मोटारीत जाऊन बसला, आणि दोन मिनिटांत दीड-दोनशे माणसे पांगली. आम्हीही त्या दिवशी मागच्याच रांगेत होतो, हेही लिहून ठेवतो.

पुढची हकीकत थोडी आहे. २१ जूनला तोब्रुक पडले आणि सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले. त्यांत फूट होता आणि आपले जवानही होते. आदल्या दिवशी जर्मनांचा मुख्य घाव आग्नेय बाजूच्या तटबंदीवर बसला, तो पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या पलटणीने राखलेल्या भागात.

फूटचा व्हिक्टोरिया क्रॉस मे १९४४ मध्ये जाहीर झाला. पुढे तो मेजर जनरल झाला, साऱ्या चिलखती दलाचा संचालक झाला, आणि १९९३ मध्ये वारला.

एक गोष्ट मात्र आमच्या मनातून जात नाही. तोफा बंद पडलेल्या त्या रणगाड्यात तो एकटा नव्हता. गाडी हाकणारा होता, मुकी तोफ धरून बसलेला गोलंदाज होता. अधिकाऱ्याला निदान बाहेरचे दिसत तरी होते; गोलंदाजाला दुर्बिणीच्या भोकाएवढेच जग, आणि अंगावर आदळणाऱ्या गोळ्यांचा आवाज. तेही उतरून पळाले नाहीत. सन्मानपत्रात त्यांची नावे नाहीत.