अडीच इंचांचं पातं आणि शाळेतला बाण

दोन शिट्ट्या झाल्या की मुलांनी धनुष्य घेऊन रेषेवर यायचं. एक शिट्टी झाली की बाण सोडायचे. तीन झाल्या की पुढे जाऊन बाण काढून आणायचे. शिट्टी सलग वाजतच राहिली तर असाल तिथे थांबायचं. दोरी ताणलेली असेल तर बाण न सोडता ती सावकाश परत आणायची. रेषेवर बोलायचं नाही. अमेरिकेत शालेय तिरंदाजीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात कुठल्याही राज्यात गेलात तरी हेच नियम. केंटकी राज्यानं 2002 मध्ये 21 शाळांमध्ये तो सुरू केला आणि आता वर्षाला दहा लाखांहून अधिक मुलं त्यात बाण मारतात.

लुईव्हिलजवळच्या आमच्या शाळेत मी पालक म्हणून मदतीला जाते. माझं मुख्य काम बाण काढताना लक्ष ठेवण्याचं. एका मुलानं बाजूला उभं राहून एक तळवा टार्गेटवर सपाट टेकवायचा, दुसऱ्या हातानं बाण अगदी मुळाशी धरायचा, मागे कुणी उभं नाही ना हे पाहायचं आणि सरळ ओढायचा. मग बाणांची टोकं मुठीत झाकून परत यायचं. धनुष्य सगळ्यांना एकाच बनावटीचं, 10 ते 20 पौंड ताणाचं, नेम धरायला कसलीही काच किंवा काटा नसलेलं. चौथीतली मुलगी आणि बारावीतला दांडगा मुलगा शेजारी शेजारी तेच धनुष्य ताणतात. दहा मीटरवरून पंधरा आणि पंधरा मीटरवरून पंधरा असे तीस बाण, एकूण गुण तीनशे. कोपर नीट वळवलं नाही तर दोरीचा फटका बसतो आणि हातावर निळा डाग उठतो. मी आजवर पाहिलेली सगळ्यात गंभीर दुखापत ती एवढीच. बास्केटबॉलच्या संघाबद्दल मला असं म्हणता येणार नाही.

2023 च्या उन्हाळ्यात कळलं की केंद्र सरकारच्या हिशेबी हे ‘धोकादायक शस्त्राचं प्रशिक्षण’ आहे.

झालं होतं असं. 24 मे 2022 रोजी टेक्ससमधल्या युवाल्डी गावात एका माथेफिरूनं शाळेत शिरून 19 मुलांना आणि दोन शिक्षिकांना गोळ्या घातल्या. महिनाभरात, 25 जूनला, बंदुकांविषयीच्या एका कायद्यावर राष्ट्राध्यक्ष बायडन यांची सही झाली. दोन्ही पक्षांनी मिळून केलेला असा कायदा त्या देशात जवळजवळ तीस वर्षांत झाला नव्हता. त्यात एक छोटं कलम होतं: शाळांना केंद्राकडून 1965 च्या शिक्षण कायद्याखाली मिळणाऱ्या पैशातून कुणालाही धोकादायक शस्त्र देता येणार नाही आणि ते वापरण्याचं प्रशिक्षणही देता येणार नाही. शिक्षकांच्या हाती बंदुका देण्याची टूम तेव्हा जोरात होती. ती केंद्राच्या पैशावर चालू नये हा हेतू. मला तो तेव्हाही पटला होता, आजही पटतो.

घोटाळा व्याख्येत होता. शस्त्र कशाला म्हणायचं हे नव्यानं न लिहिता फौजदारी कायद्यातली जुनी व्याख्या उचलली गेली. ती सरकारी इमारतींत काय घेऊन जाऊ नये यासाठी लिहिलेली. मृत्यू किंवा गंभीर इजा सहज घडवू शकेल अशी कुठलीही वस्तू, सजीव असो वा निर्जीव, शस्त्र. सूट एकाच गोष्टीला, अडीच इंचांपेक्षा लहान पात्याच्या खिशातल्या चाकूला. म्हणजे पेन्सिल तासायचा चाकू सुटला; धनुष्य अडकलं, शिकारीपूर्वीचं सुरक्षा-शिक्षण अडकलं आणि तेच मोजमाप लावलं तर पाककलेच्या वर्गातली सुरीही अडकत होती. शिक्षण खात्यानं हे शब्द जसेच्या तसे घेतले आणि तिरंदाजी व शिकार-शिक्षणाला हे पैसे वापरता येणार नाहीत असं सांगितलं. अनेकांनी खात्याला दुष्ट ठरवलं. मला तसं वाटत नाही. कायद्यात ‘प्रशिक्षण’ असा शब्द लिहून ठेवल्यावर कारकुनानं त्याचा वेगळा अर्थ का लावावा?

आमच्या शाळेची धनुष्यं त्या पैशातली नव्हतीच. शाळा सुटल्यावर थांबणाऱ्या शिक्षिकेचं मानधन मात्र केंद्राच्या अनुदानातून येत होतं. मुख्याध्यापिका चिंतेत पडल्या आणि ऑगस्टमध्ये शाळा सुरू होताच पालकांची बैठक बोलावली गेली.

त्या बैठकीत माझ्या शेजारी बसलेले निम्मे लोक धनुष्यानं हरणांची शिकार करणारे होते. केंटकीत तो मोसम सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो, त्यामुळे कुणी झाडावरचं मचाण बांधून आलेलं, कुणाच्या गाडीत मागे धनुष्याची पेटी. मी शाकाहारी घरातली. हरणाचं मांस मी खाल्लेलं नाही आणि खाण्याचा विचारही नाही. पण कायदेमंडळाशी कसं बोलायचं हे त्या खोलीत त्यांनाच ठाऊक होतं. शिकारीचा मोसम कधी उघडावा, क्रॉसबो चालावा का, रविवारी शिकार करू द्यावी का, अशा प्रश्नांवर ही माणसं वर्षानुवर्षं राज्याच्या सुनावण्यांना जात आलेली. तीन मिनिटांत मुद्दा मांडून खाली बसण्याची सवय त्यांच्या अंगवळणी पडलेली.

त्यातल्या एका आजोबांनी आम्हाला धडे दिले. वॉशिंग्टनला पत्र लिहू नका. 2001 मध्ये अँथ्रॅक्सची पाकिटं आली तेव्हापासून तिकडची सगळी टपाल आधी तपासणीला जाते आणि पोचायला आठवडे लागतात. फोन करा. नाव सांगा, पिनकोड सांगा, विधेयकाचा क्रमांक सांगा आणि बाजूनं की विरोधात ते सांगा. पिनकोड मतदारसंघातला नसेल तर फोनला किंमत नाही. बंदुकांच्या वादात शिरू नका. रागावू नका, फोन उचलणारा पोरगा विशीतला असतो आणि त्याच्यासमोर नोंदीचा एक रकाना असतो, तेवढाच.

मी आमच्या खासदाराच्या कार्यालयात फोन केला. दोन मिनिटंही लागली नाहीत. पलीकडच्या मुलानं विचारलं, तुमच्या शाळेवर याचा नेमका काय परिणाम होतो? शिक्षिकेच्या मानधनाचं सांगितल्यावर त्याचा टायपिंगचा आवाज आला. आधी मुलांच्या एकाग्रतेबद्दल बोलत होते, तेव्हा आला नव्हता.

ऑगस्टमध्ये काँग्रेसला सुट्टी असते आणि खासदार आपापल्या मतदारसंघात असतात. आम्ही काही पालक आणि शिक्षिका स्थानिक कार्यालयात गेलो. सोबत एकच कागद होता: वर व्याख्येच्या दोन ओळी, खाली शाळेचा हिशेब. तिथल्या सहायकानं व्याख्या दोनदा वाचली, ‘अडीच इंच’ला हसला आणि कागद ठेवून घेतला.

त्याच महिन्यात, 5 ऑगस्टला, बर्लिनमध्ये साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघं कंपाउंड धनुष्याचे जगज्जेते झाले. साताऱ्याहून आत्याचा फोन आला. सगळं ऐकून म्हणाली, “अगं, इथे आम्ही धनुष्याचे पेढे वाटतोय आणि तुमच्याकडे त्याची चौकशी?” तिला मी सांगितलं की आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्यातही शस्त्रांच्या यादीत धनुष्यबाण आहेच. पण तो कायदा शिकार रोखण्यासाठी आहे. शाळेच्या मैदानाशी त्याचा संबंध नाही. वस्तू तीच, कायदा कुठल्या कामासाठी केला यावर सगळं ठरतं.

आता कौतुक आवरतं घेते. कायदा पुढे दुरुस्त झाला, पण ते केवळ आमच्यासारख्यांच्या फोनांनी झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. शिकाऱ्यांच्या आणि धनुष्य बनवणाऱ्यांच्या संघटना वॉशिंग्टनमध्ये कायम बसलेल्या असतात आणि त्यांचा हिशेब साधा आहे: आज शाळेत बाण मारणारं पोर उद्या धनुष्य विकत घेणार, कदाचित परवानाही. धनुष्यावर तिथे 11 टक्के केंद्रीय कर असतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. तेव्हा त्या खात्यांनाही तिरंदाज हवेच असतात. हे गट किती चिवट असतात पाहा. ऑक्टोबर 2008 मध्ये बुडत्या बँकांना वाचवण्यासाठी जो अवाढव्य कायदा झाला, त्यात मुलांच्या लाकडी बाणांना करमाफी देणारं एक कलम होतं. दर बाणामागे 39 सेंटचा कर, आणि खेळण्यातला बाण त्याहून स्वस्त! तक्रार रास्त होती. ती बँकांच्या कायद्यात चिकटवल्यामुळे हसं मात्र भरपूर झालं.

यावेळी राजकारणही अनुकूल होतं. ज्यांनी 2022 चा कायदा घडवला त्यांपैकीच जॉन कॉर्निन आणि टॉम टिलिस या सिनेटरांनी शिक्षणमंत्र्यांना लिहिलं की आमच्या मनात असं नव्हतं. टेनेसीचे मार्क ग्रीन यांनी प्रतिनिधिगृहात दुरुस्ती विधेयक मांडलं. 26 सप्टेंबर 2023 रोजी ते 424 विरुद्ध 1 मतांनी मंजूर झालं. दुसऱ्याच दिवशी सिनेटनं एकमतानं होकार दिला आणि 6 ऑक्टोबरला सही झाली. सरकारच्या खर्चाचं विधेयक अडून कचेऱ्या बंद पडायची वेळ आली होती, त्याच आठवड्यात दोन्ही सभागृहांनी हे मंजूर केलं. बंदुकांवर एकमेकांकडे न पाहणारे दोन पक्ष चौथीतल्या मुलांच्या बाणांवर दोन दिवसांत एक होतात, याचा मला आनंदही झाला आणि थोडा रागही आला.

दुरुस्ती जेमतेम परिच्छेदभराची आहे. शस्त्राची व्याख्या तशीच ठेवली. फक्त विद्यार्थ्यांना समृद्ध करणाऱ्या उपक्रमांना बंदी लागू नाही, असं म्हणून पुढे उदाहरणं दिली: तिरंदाजी, शिकार, इतर नेमबाजी आणि पाककला. शेवटची कोणी घातली ते ठाऊक नाही, पण स्वयंपाकघरातली सुरी विसरली गेली नाही याचं मला बरं वाटलं.

अमेरिकेतल्या मराठी पालकांना एक सांगायचं आहे. आपल्यापैकी अनेकजण व्हिसावर किंवा ग्रीनकार्डावर असतात, आणि मत नाही तर आपलं कोण ऐकणार म्हणून गप्प बसतात. फोनवर मला नाव आणि पिनकोड विचारला. नागरिकत्व कुणी विचारलं नाही. मतदारसंघात राहणारा प्रत्येक माणूस त्या खासदाराचाच असतो. शाळेचा, बसचा, ग्रंथालयाचा प्रश्न आला तर आधी कायद्याचं मूळ कलम काढून वाचा, आपल्या घरावर होणारा परिणाम एका वाक्यात लिहा आणि मग फोन उचला.