तीन मिलिमीटरांचा हिशेब

दिल्लीत तुघलकाबादचा किल्ला मागे टाकून सूरजकुंडच्या रस्त्याला लागलं, की अरवलीच्या खडकाळ, झुडपी उतारावर डॉ. कर्णी सिंह शूटिंग रेंज लागते. १९८२च्या आशियाई खेळांसाठी ती उभी राहिली आणि २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांआधी जवळजवळ नव्याने बांधली गेली. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते ते बिकानेरचे महाराजा कर्णी सिंह पाच ऑलिंपिक खेळले आणि १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅप या नेमबाजी प्रकारात रौप्यपदक घेऊन आले. आता चाचणी असो, शिबिर असो की विश्वचषक, देशातल्या रायफल नेमबाजाची दिल्लीची वारी चुकत नाही. कोल्हापूर, नाशिक, पुण्याकडून येणाऱ्या मुलामुलींच्या हातात एक लांबट, कुलूपबंद पेटी असते. पेटीत असते ती पॉइंट टू टू, म्हणजे ५० मीटर प्रकाराची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल.

ही रायफल कारखान्यातून तयार होऊन येते आणि तिची किंमत काही लाखांत जाते. ती ‘चांगली’ आहे म्हणजे नेमकं काय, हे ठरवायचं कसं? रेंजवरच्या गप्पांत या प्रश्नाला ब्रँडच्या नावाने उत्तर मिळतं. खरं उत्तर मोजपट्टीने मिळतं, आणि ते रायफलीपेक्षा नेमबाजाबद्दल जास्त बोलतं.

टार्गेटवरचं गणित

५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. त्याच्या आतलं, ‘इनर टेन’चं वर्तुळ फक्त ५ मिलिमीटरचं. गोळीचा स्वतःचा व्यास ५.६ मिलिमीटर. गोळीची कड दहाच्या रेषेला नुसती टेकली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला पाहिजे. त्याच्या बाहेर गेला की नऊ.

आता रायफलीचा वाटा. नळी शिकंजात घट्ट आवळून, माणसाचा हात न लावता एकाच लॉटची काडतुसं झाडली, तरी गोळ्या एकाच भोकातून जात नाहीत. उत्तम नळी आणि तिला मानवणारी काडतुसं अशी जोडी जमली, तर दहा गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा पसारा, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत १५ मिलिमीटरच्या आसपास राहतो. त्यातून गोळीची जाडी वजा केली, की मध्यापासून मध्यापर्यंत नऊ-दहा मिलिमीटर उरतात, म्हणजे त्रिज्या पाचच्या घरात. आठातून पाच गेले, राहिले तीन. वाईटात वाईट गोळीच्या वेळी नेमबाजाच्या श्वासाला, नाडीला, बोटाला आणि वाऱ्याला मिळून एवढीच सवलत. मागची आणि पुढची साइट यांच्यात ८० सेंटीमीटर अंतर धरलं, तर टार्गेटवरचे तीन मिलिमीटर म्हणजे पुढच्या साइटचं ०.०५ मिलिमीटर हलणं. माणसाचा केस त्याहून जाड असतो.

कारखान्यातून आलेल्या रायफलीची परीक्षा म्हणजे हा वजाबाकीचा हिशेब. रायफल पाचाऐवजी सात मिलिमीटर खात असेल, तर नेमबाजाला एकच उरतो आणि चांगला सोडलेला शॉटही नऊला जातो. ती खरोखर पाचच खाते हे एकदा सिद्ध झालं, की नऊ आल्यावर रायफलीकडे बोट दाखवता येत नाही.

एका वेळी एक काडतूस

या प्रकारात बोल्ट-अ‍ॅक्शनच का, हे लेनमध्ये मागे उभं राहिलं की कळतं. नेमबाज बोल्टची मूठ उचलून मागे खेचतो, रिकामं पितळी टरफल टणकन बाजूला पडतं. शेजारच्या खोक्यातून तो एक काडतूस बोटांनी उचलतो, खाचेत ठेवतो, बोल्ट पुढे ढकलून मूठ खाली पाडतो. मॅगझिन नाही, काडतूस आपोआप चढवणारी यंत्रणा नाही. बोल्ट बंद झाला की काडतूस दर वेळी त्याच जागी, तेवढ्याच घट्टपणे बसतं आणि गोळी नळीबाहेर पडेपर्यंत आत दुसरा कुठलाही भाग सरकत नाही. सरकतो तो फक्त फायरिंग पिन, तोही काही मिलिसेकंदांपुरता.

ही यंत्रं बनवणारी घराणी मोजकी. अंशुट्झ १८५६ साली जर्मनीतल्या त्सेला-मेहलिस गावात सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर उल्म शहरात आली. वॉल्थरही त्याच उल्ममधली. फाइनवेर्कबाऊ ओबेर्नडोर्फची, तर ब्लायकर आणि ग्र्युनिग उंड एल्मिगर स्वित्झर्लंडच्या. यांपैकी कुठल्याही चांगल्या मॉडेलची नळी ऑलिंपिकचं पदक मिळवून देण्याइतकी नेमकी असू शकते. दुर्बीण इथे चालत नाही. मागे बारीक भोकाची डायॉप्टर साइट आणि पुढे एक कडं, एवढ्यावर नेम धरायचा. वजनाची मर्यादा आठ किलो. ट्रिगर किती हलका ठेवायचा यावर ५० मीटर रायफलमध्ये बंधन नाही. त्यामुळे परीक्षेत ट्रिगर ग्रॅममध्ये मोजतात आणि तो प्रत्येक वेळी तेवढ्याच दाबाला सुटतो की नाही ते पाहतात. हलकेपणापेक्षा हे सातत्य महत्त्वाचं.

आपल्याकडे ‘कारखान्यातली बोल्ट-अ‍ॅक्शन’ म्हटलं की जुन्या माणसांना वेगळीच बंदूक आठवते. पश्चिम बंगालातल्या ईशापूर रायफल फॅक्टरीची .३१५ स्पोर्टिंग रायफल ही ली-एनफिल्डच्याच वंशातली. तिची .३०३ बहीण उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० रोजी अधिकृतपणे निवृत्त केली. त्या रायफलींकडून अपेक्षा होती ती चिखलातही चालण्याची. स्पर्धेच्या रायफलीला चिखल कधी दिसत नाही. तिच्याकडून अपेक्षा साठदा तंतोतंत तेच करण्याची.

मोठ्या पल्ल्याची परीक्षाही दिल्लीच्या परिसराने पाहिली आहे. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांत फुल बोअर प्रकार गुरुग्रामजवळच्या कादरपूरला, केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या आवारात झाला. या प्रकारात ३०० यार्डांपासून १००० यार्डांपर्यंत नेम धरतात. रायफल तिथेही बोल्ट-अ‍ॅक्शनच आणि साइटही भोकाचीच. पल्ला वाढला की वाऱ्याचा वाटा वाढतो. हिशेबाची रीत तीच राहते.

लॉट नंबर

परीक्षेतला सगळ्यांत खर्चिक धडा काडतुसांचा. टेनेक्स बनवणारी एली बर्मिंगहॅमची, आर५० बनवणारी आरडब्ल्यूएस फ्युर्थची, आणि लापुआ नावाने फिनलंडची असली तरी तिची रिमफायर, म्हणजे पॉइंट टू टूची, काडतुसं जर्मनीतल्या श्योनेबेकला बनतात. प्रत्येक खोक्यावर लॉट नंबर छापलेला असतो. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे, एकाच किमतीचे दोन लॉट एकाच नळीतून वेगवेगळे ग्रुप देतात. एका नळीला आवडलेला लॉट शेजारच्या नळीला आवडेलच असं नाही. म्हणून वरच्या पातळीवरचे नेमबाज आपली रायफल घेऊन कंपनीच्या चाचणी केंद्रात जातात. तिथे दस्ता काढून नळी शिकंजात बसवतात, एकामागून एक लॉट झाडून बघतात आणि जमलेला लॉट हजारोंच्या संख्येने उचलतात.

इथेच नवखा माणूस फसतो. पाच गोळ्यांचा सुंदर ग्रुप बघून तो हुरळतो. गोळ्या जितक्या कमी, तितका ग्रुप खोटं बोलायला मोकळा. पाचाच्या जागी दहा झाडा, तो पसरेल. चाळीस झाडा, खरा आकार दिसेल. नव्या रायफलीबरोबर कारखाना टेस्ट टार्गेट देतो, तेही याच नजरेने वाचायचं: त्या दिवशी, त्या लॉटने, त्या बंदिस्त जागेत ही नळी काय करू शकली याचा तो दाखला. तुमच्या खोक्यातल्या लॉटबद्दल त्यात काहीच लिहिलेलं नसतं.

जुनी रायफल घ्यायची तर प्रश्न आणखी. बहुतेक रिमफायर काडतुसांच्या प्रायमिंगमध्ये काचेची बारीक पूड असते. ती हजारो गोळ्यांनंतर नळीचा सुरुवातीचा भाग, विशेषतः खालची बाजू, खाते. बाहेरून चकचकीत दिसणारी रायफल आतून थकलेली असू शकते. बोअरस्कोप घालून बघणं आणि चाळीस गोळ्यांचा ग्रुप मागणं, या दोन गोष्टींना विक्रेत्याची साधी हरकत असली तरी सौदा सोडावा.

दिल्लीची हवा

जर्मनीतल्या चाचणी केंद्राच्या बोगद्यात जमलेली नळी-काडतुसांची जोडी दिल्लीत तशीच वागेल याची खात्री नाही. टार्गेटच्या काडतुसाची गोळी जाणूनबुजून संथ ठेवतात: २.६ ग्रॅम शिसं, वेग सेकंदाला साधारण ३२५ ते ३३० मीटर, ध्वनीच्या वेगाखाली. ध्वनीचा वेग ओलांडताना किंवा त्याच्याखाली उतरताना गोळीला जो हादरा बसतो तो टाळायचा असतो. वीस अंश तापमानाला ध्वनीचा वेग ३४३ मीटर असतो, म्हणून मधे मोकळी जागा राहते. दिल्लीच्या जानेवारीतल्या पाच अंशांच्या सकाळी तो ३३४पर्यंत उतरतो आणि ही जागा आकसते. मे महिन्यातल्या चाळीस अंशांत तो ३५५ होतो, पण तेव्हा दारू तापलेली असते आणि गोळीवरचं मेणचट वंगण मऊ पडलेलं असतं. म्हणून समजदार नेमबाज लॉटची नोंद तापमानासकट ठेवतो.

वारा वेगळाच. सेकंदाला एक मीटर वेगाचा आडवा वारा, म्हणजे गालाला जेमतेम जाणवणारी झुळूक, ५० मीटरवर गोळीला सहा-सात मिलिमीटर ढकलते. आपले तीन मिलिमीटर तर तिथेच संपले. रेंजवरच्या छोट्या झेंड्यांकडे डोळा ठेवून, झुळूक पूर्वीसारखी होईपर्यंत थांबायचं किंवा साइटचे क्लिक फिरवायचे, एवढंच हातात असतं. रायफल कितीही महाग असली तरी हे काम ती करत नाही.

तीच रायफल, तीन शरीरं

थ्री पोझिशन प्रकारात साठ गोळ्या: वीस गुडघ्यावर, वीस झोपून, वीस उभं राहून. पॅरिस ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ६००पैकी ५९० गुण घेतले आणि तो सातवा आला. त्याची विभागणी बोलकी आहे: गुडघ्यावर १९८, झोपून १९७, उभं राहून १९५. रायफल बदलली नव्हती. बदललं होतं शरीर आणि बदलत होती हवा. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, शातोरू इथे त्याने अंतिम फेरीत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेतलं. गुडघ्यावरच्या टप्प्यानंतर तो सहावा होता. वर चढला तो रायफलीसाठी सगळ्यांत अस्थिर मानल्या जाणाऱ्या उभ्या स्थितीत.

म्हणून परीक्षेचा शेवटचा भाग दस्त्याचा. गालाची पट्टी, खांद्यामागचा हुक, पुढच्या हाताचा स्टॉप, स्लिंगची लांबी हे सगळं तिन्ही स्थितींसाठी वेगवेगळं बसवावं लागतं. एक स्क्रू अर्धा फेरा फिरला तरी खुणा चुकतात, म्हणून जाणते नेमबाज प्रत्येक मापाची वही ठेवतात. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. कडं आपोआप काळ्या वर्तुळावर आलं तर दस्ता बसला. स्नायू ताणून आणावं लागलं, तर पाच मिलिमीटरची नळीसुद्धा दहा मिलिमीटरसारखी वागते.

कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून, ६००पैकी ५९७ गुण घेऊन जागतिक विक्रमाशी बरोबरी केली आणि ती विश्वविजेती झाली. साठ गोळ्यांत फक्त तीन गुण गमावणं म्हणजे नळी, लॉट, दस्ता आणि डोक्यातली शांतता यांचा एकाच दिवशी जुळलेला मेळ. मार्च २०२१ मध्ये तुघलकाबादच्याच विश्वचषकात तिने संजीव राजपूतबरोबर मिश्र सांघिक सुवर्ण घेतलं. त्याच स्पर्धेत स्वप्निल, चैन सिंग आणि नीरज कुमार यांनी पुरुषांचं सांघिक सुवर्ण मिळवलं.

परवान्याची पायरी

रायफल उत्तम असून भागत नाही, ती बाळगता आली पाहिजे. एअर रायफलवर सुरुवात करणाऱ्याला परवान्याची झळ लागत नाही; पॉइंट टू टूला शस्त्र परवाना, आयातीची कागदपत्रं आणि गुणांची पात्रता लागते. या खेळाच्या व्यवस्थेच्या मुळाशी एक मराठी नाव आहे. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ साली स्थापन झाली तेव्हा तिचे संस्थापक अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पात्रता स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने होते, आणि रेंजवर मुलं ‘मावळंकर खेळून आलो’ असं सहज बोलतात.

एखाद्या घराने मुलीच्या हट्टापायी कर्ज काढून रायफल घ्यायचं ठरवलं, तर पैशांचा क्रम मी असा सांगेन. आधी अंगाबरोबर बसणारं जॅकेट आणि क्लबची रायफल. मग एकाच लॉटची पुरेशी काडतुसं आणि मापांची वही. गुण महिनोन्‌महिने एका ठिकाणी अडकले आणि शिकंजातल्या चाळीस गोळ्यांनी दोष नळीचाच आहे असं दाखवलं, तरच नवी रायफल. अडलेले गुण बहुतेकदा उरलेल्या तीन मिलिमीटरांतच सापडतात, आणि ते दुरुस्त करायला उल्मला जावं लागत नाही, रोज रेंजवर जावं लागतं.