वादळ गेले, पण शिडी लावण्याची घाई नको

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आदळले आणि रायगड जिल्ह्यातली गावेच्या गावे काही तासांत उघडी पडली. कौले फुटली, पत्रे उडाले, नारळी-पोफळी घरांवर आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. घाटावरही वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडणे काही नवे नाही. पाऊस तोंडावर असतो, म्हणून वारा थांबला की घरधनी आधी शिडी लावतो. या घाईत जीव धोक्यात येतो आणि सरकारी मदतही हातची जाऊ शकते.

आधी वीज, मग भिंत

घरात पाणी किंवा ओल नसेल तरच मेन स्विच बंद करावा. ओल्या पायांनी त्याला हात लावू नये. अंगणात तार पडली असेल तर ती मेलेली आहे असे धरून चालू नये. तिच्याकडे पोराबाळांना, गुराढोरांना फिरकू देऊ नये आणि महावितरणला १९१२ वर कळवावे. कपडे वाळत घालायची तार किंवा पत्रा वीजवाहिनीला टेकला आहे का, तेही लांबूनच बघावे.

मातीची भिंत भिजली की लगेच पडतेच असे नाही. दोन-चार दिवसांनीही ढासळते. तडा गेलेल्या किंवा पोट काढलेल्या भिंतीशेजारी अंथरूण टाकू नये, गुरे बांधू नयेत. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये. तो निसरडा असतो आणि पायाखाली फुटतो.

आवरण्याआधी पंचनामा

पडझड जशी आहे तशी आधी फोटोत घ्यावी. चारही बाजूंनी घर, आतली भिंत, भिजलेले धान्य, मेलेले जनावर, सगळे घ्यावे. मग तलाठी आणि ग्रामसेवक यांना त्याच दिवशी लेखी कळवावे व अर्जाची पोच घ्यावी. फुटके पत्रे, मोडके वासे पंचनाम्याआधी भंगारवाल्याला देऊ नयेत. "साहेब, सगळं गेलं" एवढे सांगून भागत नाही. किती पत्रे, किती वासे, किती फूट भिंत ते मोजून लिहायला लावावे आणि वाचल्याशिवाय सही करू नये.

हे मोजमाप का महत्त्वाचे? केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेल्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये होते. अंशतः पडझडीला मात्र पक्क्या घरासाठी ६ हजार ५०० आणि कच्च्यासाठी ४ हजार, तेही निदान १५ टक्के नुकसान असेल तरच. गोठ्याला ३ हजार. दर बदलत असतात. चालू दर तहसील कचेरीत विचारावा. घराची ग्रामपंचायतीत नोंद लागते. उताऱ्यावर अजून वारलेल्या वडिलांचे नाव असेल, तर वारस नोंदीचे काम आत्ताच उरकावे. घर बंद असून मालक मुंबईला असेल, तर शेजाऱ्याने फोन करून त्याला बोलावून घ्यावे. घराचा विमा असेल तर कंपनीलाही लगेच कळवावे.

तात्पुरते छप्पर

फोटो झाले की पंचनाम्याची वाट बघत भिजत बसायचे कारण नाही. ताडपत्री आढ्यावरून दोन्ही बाजूंना सोडून वाशांना दोरीने बांधावी. नुसते दगड ठेवले तर पुढच्या वाऱ्यात तेच डोक्यात येतात. ताडपत्री, दोरीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. नवे पत्रे घालताना वळचणीच्या आणि कडेच्या पत्र्यांना हूक जवळजवळ मारावेत, कारण वारा तिथूनच आत शिरतो आणि छप्पर उचलतो.

ज्यांचे घर यंदा शाबूत आहे, त्यांनीही घरपट्टीची पावती, उतारा, आधार आणि बँकेचे पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एका जागी ठेवावे. ऐन पावसात कागद शोधायची पाळी कुणावर येऊ नये.