कॅमेरा कोणाकडे वळला आहे?

होटगी हे सोलापूरच्या उंबरठ्यावरचे जंक्शन. मुंबई–चेन्नई लोहमार्गापासून विजयपूर–गदगकडे जाणारा मार्ग येथेच वेगळा होतो. एकेकाळी आसपासच्या काळ्या रानातील ज्वारी बैलगाडीतूनच बाजारापर्यंत येई. आज या परिसरात सिमेंटचा कारखाना आहे. फताटेवाडी–आहेरवाडीच्या शिवारात एनटीपीसीचा १३२० मेगावॉट क्षमतेचा औष्णिक वीजप्रकल्प उभा आहे. नांगरट ट्रॅक्टरने होते, मळणी यंत्राने होते आणि माल टेम्पोतून अडत्याच्या दारी येतो. बैलाची कामे यंत्रांनी एकामागून एक काढून घेतली. परंतु ज्या तंत्रज्ञानाने त्याला शेतातून बाहेर काढले, त्याच तंत्रज्ञानाने त्याला एका वेगळ्या ठिकाणी पुन्हा प्रकाशात आणले आहे. ते ठिकाण म्हणजे शर्यतीचे मैदान.

सोलापूर जिल्ह्याला बैलाचे कौतुक नवे नाही. पांढरीशुभ्र कांती, मागे वळलेली लांब शिंगे आणि वाऱ्यासारखी चाल असलेली खिलार जात ही सोलापूर, सांगली, सातारा या दुष्काळी पट्ट्याची देणगी आहे. ज्येष्ठ पौर्णिमेला सीमाभागात कारहुणवीचा सण येतो. त्या दिवशी बैल रंगवले जातात, सजवले जातात आणि वेशीतून पळवलेही जातात. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या श्रीसिद्धेश्वर यात्रेतील जनावरांच्या बाजाराला कर्नाटकातूनही बैल येतात. तेव्हा बैल पळणे ही या भूमीची जुनी ओळख आहे. नवे आहे ते त्याच्याभोवती उभे राहिलेले यंत्रांचे जाळे.

या खेळाचा अलीकडचा इतिहास न्यायालयातून गेलेला आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीसाठी नाही, हा त्या निकालातील एक महत्त्वाचा विचार होता. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. पुढे १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या या दुरुस्त्या वैध ठरवल्या. परवानगी मिळाली, पण ती मोकळी नाही. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वसंमती, ५० हजार रुपयांची अनामत, पशुवैद्यकाचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र, १००० मीटरपेक्षा अधिक नसलेली धाव आणि शर्यतीचे चित्रीकरण, अशी बंधने नियमांनी घातली आहेत. काठी, चाबूक, टोचणी, विजेचा धक्का यांना मनाई आहे. बैलाला वेदना देणाऱ्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

या यादीतील दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. विजेचा धक्का देणारे उपकरण हे तंत्रज्ञान आहे आणि चित्रीकरण करणारा कॅमेरा हेही तंत्रज्ञानच आहे. एक बैलाच्या अंगावर चालते, दुसरे त्याचा साक्षीदार होऊ शकते. यंत्राला स्वतःची नीती नसते. ते धरणाऱ्या हाताची नीती त्याच्यात उतरते.

आजच्या मोठ्या मैदानावर यंत्रे किती आणि कशी आली आहेत, हे पाहण्याजोगे आहे. पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव, जुन्नर भागात घाटातील शर्यत घड्याळाशी असते. गाडे एकेक करून धावतात आणि कोणी किती सेकंदांत घाट गाठला यावर क्रमांक ठरतो. तेथे पूर्वी पंचाच्या हातात थांबघड्याळ असे. बोट दाबायला निमिषभर उशीर झाला की वाद पेटे. आता सेन्सरचे घड्याळ आले. सातारा, सांगली, सोलापूर भागात मात्र अनेक छकड्या आखून दिलेल्या चाकोऱ्यांतून एकाच वेळी सुटतात. तेथे प्रश्न सेकंदांचा नसतो, पहिल्या पावलाचा असतो. म्हणून अंतिम रेषेवर खास कॅमेरा लावला जातो.

या कॅमेऱ्याची गरज साध्या हिशेबाने कळते. जोडी सेकंदाला १० मीटर धावते असे धरू. साधा मोबाइल सेकंदाला सुमारे ३० चित्रे टिपतो. म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत जोडी ३३ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. नाकभर अंतराने जिंकलेली शर्यत या फटीत हरवते. रेषेवरचा खास कॅमेरा मात्र संपूर्ण मैदान पाहत नाही. तो केवळ त्या अरुंद रेषेचे दृश्य सेकंदाला शेकडो वेळा टिपतो आणि त्या पट्ट्या एकमेकींना जोडून निकाल दाखवतो. त्यामुळे पंचावरचा संशय गेला आणि भांडणे कमी झाली, हा लाभ नाकारण्यासारखा नाही.

त्याखेरीज वरून ड्रोन फिरतात. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होते आणि परगावी नोकरीला गेलेला तरुण गावचे मैदान मोबाइलवर पाहतो. नोंदणी व्हॉट्सअ‍ॅपवर होते, गटांच्या चिठ्ठ्या कॅमेऱ्यासमोर निघतात. नामवंत बैलांची स्वतःची समाजमाध्यमांवरील पाने असतात. जिंकलेल्या बैलाची चित्रफीत हीच त्याची जाहिरात ठरते आणि त्याच्या किमतीचे आकडे मोबाइलच्या पडद्यावरच वाढतात. बक्षिसांत रोख रकमेपासून दुचाकी, ट्रॅक्टर, चारचाकीपर्यंत मजल गेली आहे.

आता एक प्रश्न शांतपणे विचारावा. एवढ्या कॅमेऱ्यांतील किती कॅमेरे बैलाकडे पाहतात? रेषेवरचा कॅमेरा कोण आधी आला ते सांगतो, का पळाला ते सांगत नाही. ड्रोन धुरळा आणि गर्दी दाखवतो. एवढ्या उंचीवरून शेपटी पिरगाळणारा हात दिसत नाही. जोडी जुंपण्याची जागा, सुटण्यापूर्वीची शेवटची दोन मिनिटे, धाव संपल्यानंतर धापा टाकणाऱ्या बैलाला पाणी व सावली मिळते की नाही, दिवसात त्याला किती वेळा पळवले आणि रात्री टेम्पोत तो किती तास उभा राहिला, या जागा बहुधा अंधारातच राहतात. जेथे पैजेचा निकाल आहे तेथे उजेड आहे, जेथे बैलाची वेदना असू शकते तेथे नाही. नियमांनी चित्रीकरण सांगितले ते बैलासाठी. व्यवहारात ते बक्षिसासाठी राबते आहे.

बैलाच्या बाजूने उभे राहू शकेल असे आणखी एक साधन त्याच्या कानात आहे. जनावरांच्या कानातील पिवळ्या बिल्ल्यावर १२ अंकी क्रमांक असतो आणि तो शासनाच्या ‘भारत पशुधन’ या संगणकीय नोंदवहीशी जोडलेला असतो. लसीकरण, उपचार आणि मालकी यांची नोंद त्यात राहू शकते. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाची साथ आली, तेव्हा राज्यात जनावरांचे बाजार आणि शर्यती थांबवाव्या लागल्या होत्या. कोणते जनावर कोठून आले आणि त्याला लस मिळाली का, हे कळणे किती मोलाचे आहे ते त्या वर्षाने शिकवले. हाच क्रमांक प्रत्येक धावेच्या नोंदीत लिहिला, तर एका बैलाला एका आठवड्यात किती मैदानांवर उभे केले ते कोणालाही पाहता येईल. दुखापतीनंतर तो बैल कोठे गेला, हेही विचारता येईल.

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडते. अमेरिकेत उसळणाऱ्या बैलाच्या पाठीवर स्वार ८ सेकंद टिकून राहण्याचा खेळ मोठा व्यवसाय झाला आहे. गुण १०० पैकी दिले जातात. त्यातील निम्मे स्वाराच्या कौशल्याचे आणि निम्मे बैलाच्या उसळीचे असतात. तेथे बैलांच्या वंशावळीची नोंद जनुकीय चाचणीने ठेवली जाते. १९८९ मध्ये लेन फ्रॉस्ट हा नामांकित स्वार बैलाच्या धडकेने मैदानातच मृत्यू पावला. त्यानंतर त्याचा सहकारी कोडी लॅम्बर्ट याने स्वारांसाठी संरक्षक जाकीट तयार केले आणि पुढे त्याचा वापर सर्वत्र रूढ झाला. माणसाचा मृत्यू सर्वांनी पाहिला, म्हणून माणसासाठी कवच निर्माण झाले. जी वेदना पाहिली जाते, तिच्यावरच उपाय निघतो. बैलाची वेदना पाहण्याची सोय नसेल, तर त्याचे जाकीट कोण शिवणार?

जैन परंपरेला हा विचार परका नाही. प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांचे लांछनच वृषभ आहे. असि, मसि, कृषी शिकवणाऱ्या या आदिपुरुषाविषयी एक कथा समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मळणी करताना बैल धान्य खातात, म्हणून त्यांच्या तोंडाला मुसके बांधावे, असा सल्ला त्यांनी शेतकऱ्यांना पूर्वी दिला होता. बैल तेवढा वेळ उपाशी राहिले. त्या अंतराय कर्माचे फळ म्हणून दीक्षेनंतर त्यांना दीर्घकाळ आहार मिळाला नाही आणि अखेर हस्तिनापुरी श्रेयांसकुमाराच्या हातून इक्षुरसाने पारणे झाले. अक्षय्य तृतीयेला या पारण्याचे स्मरण केले जाते. मुसके हे त्या काळचे साधे, उपयोगी साधन होते. ते बांधणारे हात शेतकऱ्याचे होते, तरी ते सुचवणाऱ्याकडेही फळ आले. साधन पुरवणारा, सुचवणारा आणि त्याला पैसा देणारा परिणामातून सुटत नाही, एवढा बोध त्यातून घेण्यासारखा आहे.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. जखडून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीपलीकडे भार लादणे, अन्नपाणी तोडणे. पशू पाळणाऱ्या गृहस्थाला समोर ठेवून केलेली ही यादी आजच्या मैदानावर तपासणीचा तक्ता म्हणून जशीच्या तशी वापरता येईल. येथे भार केवळ ओझ्याचा नसतो. एकाच दिवसात पुन्हा पुन्हा धावायला लावणे हाही भारच आहे.

हा प्रश्न व्यापारी कुटुंबांच्या थेट दारात येतो. यात्रा जवळ आली की मैदानाचे आयोजक पेंडीच्या दुकानात येतात, कापडाच्या पेढीवर येतात, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये येतात. फलकावर नाव, ध्वनिक्षेपकावरून आभार आणि थेट प्रक्षेपणात जाहिरात, असा देणगीचा मोबदला असतो. गावाशी नाते ठेवायचे तर नकार देणे जड जाते. काही घरे अशा कार्यक्रमापासून पूर्णतः दूर राहतात आणि तो मार्ग निश्चितच आदरणीय आहे. परंतु एका पेढीने नाकारलेली वर्गणी दुसरी पेढी देते आणि बैल जेथे होता तेथेच राहतो.

बैल पाळणाऱ्या शेतकऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवर बंदी आहे. शेतात काम उरले नाही आणि वैरण महाग आहे. शर्यत नसेल तर खिलार खोंड कोण सांभाळील, असा त्याचा प्रश्न आहे. मैदानावरच्या बैलाला खुराक मिळतो, वैद्य मिळतो, मालक त्याला पोहायला नेतो, हे खरे आहे. तितकेच हेही खरे की लक्ष पळणाऱ्या बैलावर असते. मागे पडलेला, लंगडणारा बैल कोणाच्या चित्रफितीत नसतो. पांजरपोळांच्या दारी अशी जनावरे येतात, तेव्हा त्यांचा खर्च पुन्हा समाजाच्याच दानातून भागतो.

म्हणून देणाऱ्याच्या हातातील अधिकार ओळखला पाहिजे. पावती फाडण्यापूर्वी व्यापारी मालाची प्रत पाहतो, वजन पाहतो. तशीच चौकशी येथेही करावी. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी पाहावी. पशुवैद्य दिवसभर मैदानावर थांबणार का, ते विचारावे. जुंपण्याच्या जागेवर आणि धाव संपते तेथे एकेक कॅमेरा लावावा व त्याचे चित्रीकरण जपून ठेवावे, अशी अट घालावी. प्रत्येक जोडीच्या नोंदीत कानातील क्रमांक आणि दिवसातील धावांची संख्या लिहिण्यास सांगावे. देणगीचा काही भाग पाणी, सावली आणि जखमी बैलाच्या उपचारासाठी राखून ठेवावा. पहिल्या क्रमांकाच्या चारचाकीपेक्षा या गोष्टींना फार थोडा पैसा लागतो. आयोजकाने या अटी मान्य केल्या, तर बैलाला साक्षीदार मिळेल. मान्य केल्या नाहीत, तर नकार देण्यास दुसरे कारण शोधावे लागणार नाही.

बैलाला तक्रार करता येत नाही. त्याच्या कानात क्रमांक आहे, डोक्यावर ड्रोन आहे, पुढे रेषेवर कॅमेरा आहे. एवढ्या साधनांच्या मधोमध तो मुका आहे. यांपैकी एक कॅमेरा वळवून त्याच्याकडे करायला नवा शोध लागत नाही. ज्याच्या पैशाने तो कॅमेरा उभा आहे, त्याने तशी अट घातली की पुरे.