हवा बिघडते तेव्हा घरात कोणते यंत्र येते

हवेच्या प्रदूषणाची चर्चा बहुधा आरोग्याच्या अंगाने होते. त्या प्रदूषणामुळे घरातील खरेदीही बदलते का, आणि बदलत असेल तर कोणत्या दिशेने, या प्रश्नाचा अभ्यास मुख्यतः चीनमधील शहरांच्या संदर्भात झाला आहे. बीजिंगमधील अमेरिकी दूतावासाने २००८ मध्ये ‘पीएम २.५’ मोजणारे यंत्र बसवले, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाच्या, श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर उतरणाऱ्या कणांची मोजणी सुरू केली. जानेवारी २०१३ मध्ये या कणांचे प्रमाण घनमीटरमागे ७०० मायक्रोग्रॅमच्याही वर गेले, आणि त्याच महिन्यापासून चीन सरकार ७४ शहरांतील ताजे आकडे जाहीर करू लागले. तोवर धुके समजून जे सोसले जात होते, त्याचे मोजमाप सामान्य ग्राहकाच्या हाती आले.

अशा वेळी ग्राहकाची पहिली धाव स्वतःच्या बचावाकडे असते. मास्क, हवा शुद्ध करणारे यंत्र, खिडक्या बंद ठेवता याव्यात म्हणून एसी, अशा खरेदीला अर्थशास्त्रात संरक्षक खर्च म्हणतात. कोइचिरो इतो आणि शुआंग झांग या अभ्यासकांनी या खर्चातून स्वच्छ हवेची लोकांच्या लेखी असलेली किंमत काढली. चीनमध्ये हुआय नदीच्या उत्तरेकडील शहरांना हिवाळ्यात कोळशावर चालणारी सामूहिक उष्णता पुरवली जाते आणि दक्षिणेकडे ती मिळत नाही, त्यामुळे नदीच्या दोन्ही बाजूंच्या हवेत मोठा फरक पडतो. तो फरक आणि एअर प्युरिफायरची विक्री शेजारी ठेवून पाहिल्यावर त्यांना असे आढळले, की घनमीटरमागे एक मायक्रोग्रॅम धूळ कमी व्हावी यासाठी एक कुटुंब वर्षाला सुमारे १.३४ डॉलर मोजायला तयार असते.

मात्र बचावाची ही साधने विजेवर चालतात. इंडोनेशियातील वणव्यांचा धूर पोहोचणाऱ्या सिंगापुरात हवा बिघडली की घरगुती विजेची मागणी वाढते, असे तेथील अभ्यासाने दाखवले आहे. आणि जिथे वीज कोळशापासून होते, तिथे एका खोलीतील हवा निवळताना दुसऱ्या कुठल्या तरी गावाची हवा अधिक बिघडते.

ऊर्जाकार्यक्षम उपकरणांचा, म्हणजे तेवढेच काम कमी विजेत करणाऱ्या यंत्रांचा, प्रश्न येथे उभा राहतो. प्रदूषण ग्राहकाला त्यांच्याकडे वळवू शकते ते दोन मार्गांनी. एक म्हणजे डोळ्यांपुढे धुरकट आकाश असताना वीज, कोळसा आणि धूर यांचा संबंध मनात जागा असतो. दुसरा मार्ग अधिक व्यवहाराचा आहे: खिडक्या बंद राहिल्याने एसी अधिक तास चालतो, आणि यंत्र जितके अधिक तास चालेल तितकी त्यासाठी जास्त मोजलेली किंमत वीजबिलातून लवकर वसूल होते. तरीही पहिल्या मार्गावर फार भरवसा ठेवता येत नाही. प्युरिफायरचा लाभ विकत घेणाऱ्याच्या खोलीतच राहतो, तर कार्यक्षम फ्रिजमुळे वाचलेला धूर सर्वांच्या वाट्याला थोडा थोडा येतो; शिवाय आकाश निवळले की त्या धुराची आठवणही विरते. चीनमधील विक्रीचे आकडे वाचताना आणखी एक सावधगिरी हवी, कारण त्या कुप्रसिद्ध हिवाळ्यात कार्यक्षम उपकरणांवर सरकारी अनुदानही चालू होते, आणि वाढलेल्या विक्रीतील धुराचा वाटा किती व अनुदानाचा किती, हे वेगळे काढणे सोपे नाही.

किमतीचे बळ किती मोठे असते, हे भारतातील एलईडी दिव्यांनी दाखवून दिले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले, कारण घाऊक खरेदीमुळे एका दिव्याचा सुमारे ३१० रुपयांचा दर २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. पंखे आणि एसी यांच्याबाबत असे घडलेले नाही, आणि दुकानात जास्तीची किंमत आधी दिसते, बचत मात्र महिन्यामहिन्याने कळते.

वीज वापरणारा आणि तिचा धूर सोसणारा यांच्यातील अंतराला महाराष्ट्रात भौगोलिक रूप आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे, कोराडी आणि खापरखेडाही विदर्भातच आहेत, आणि तेथील वीज वाहिन्यांवरून पुण्यासारख्या दूरच्या शहरांपर्यंत जाते. चिमण्यांतून निघणारा सल्फर डायऑक्साइड वायू हवेत सल्फेटचे सूक्ष्म कण बनून शेकडो किलोमीटर पसरतो, पण राख आणि कोळशाची धूळ सोसतात ते केंद्राच्या आसपासचे लोक. या वायूला आळा घालणारी मानके डिसेंबर २०१५ मध्ये ठरली, त्यांची मुदत वारंवार वाढवली गेली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुतेक केंद्रांना तो वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्यापासून सूट मिळाली. हा निर्णय चिंतेचा आहे, आणि त्यामुळे विजेच्या मागणीतील प्रत्येक घटीचे मोल वाढते.

७५ वॉटचा जुना पंखा काढून ३० वॉटचा बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित मोटरचा, पंखा लावला आणि तो वर्षातील ३०० दिवस रोज १२ तास चालला, तर १६२ युनिट वाचतात. औष्णिक केंद्रात तेवढ्या विजेसाठी साधारण १०० किलो कोळसा जळतो आणि त्यातील ३० किलोंच्या आसपास राखच असते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या तारांकित पट्टीवर एसी आणि फ्रिजचा वर्षाचा वीजवापर युनिटांत छापलेला असतो. त्याच्याच शेजारी कोळशाचे किलोही छापले, तर चंद्रपूरची हवा पुण्यातील दुकानाच्या काउंटरवरच ग्राहकाच्या हिशेबात येईल.