पलटण सुटली म्हणून मत सुटत नाही

जवान पोरगा फौजेत नाही असे गाव कोल्हापूर जिल्ह्यात शोधावे लागेल. शिरोळ तालुक्यातल्या एका टाकळीला तर लोक 'सैनिक टाकळी' म्हणूनच ओळखतात. गेलेला जवान एक दिवस परत येतो. कोणी पेन्शन घेऊन येतो, कोणी दुखण्यामुळे मुदतीआधी, तर एखादा नावावर ठपका घेऊन. मग पारावर कुजबूज सुरू होते, "त्याला काढून टाकलंय म्हणं. आता त्याला मत बी देता यायचं न्हाई."

ही समजूत साफ चुकीची आहे. तिच्यामुळे एखाद्या घराचा हक्क वाया जातो, म्हणून हे नीट समजून घ्या.

फौजेतून सुटणाऱ्या जवानाला दाखला द्यावा, असे 1950 च्या सैन्य कायद्याचे 23 वे कलम सांगते. कोणी सोडले, कशासाठी सोडले आणि नोकरी किती झाली, हे त्यात लिहिलेले असते. हा दाखला इंग्रजीबरोबर जवानाच्या मातृभाषेतही द्यायचा असतो. तो जपून ठेवा, कारण पेन्शन आणि माजी सैनिकाच्या सवलती त्यावर ठरतात. शिक्षा म्हणून बडतर्फ झालेल्याला त्या सवलती मिळत नाहीत, पेन्शनही सहसा बुडते. पण मताचा हक्क या दाखल्यावर ठरत नाही.

मतदार यादीत कोणाचे नाव घालू नये, हे 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 16 व्या कलमात आहे. भारताचा नागरिक नसलेला, न्यायालयाने वेडसर ठरवलेला आणि निवडणुकीतल्या गैरप्रकारांबद्दल मताला अपात्र झालेला, एवढेच तिघे त्यात येतात. बडतर्फीचा त्यात उल्लेखच नाही.

यातले 'न्यायालयाने' हे अक्षर महत्त्वाचे आहे. सीमेवर राहून एखाद्याच्या मनावर परिणाम होतो, फौजेचे डॉक्टर त्याला घरी पाठवतात. घरचे त्याला सांभाळतात, पण मतदानादिवशी मात्र "तू राहू दे" म्हणून मागे ठेवतात. असे करू नका. डॉक्टरांच्या कागदाने मत जात नाही. सक्षम न्यायालयाने तसे ठरवले नसेल, तर त्याचे मत तुमच्या-आमच्या मताइतकेच खरे.

लष्करी न्यायालयाने कैद दिली असेल, तर तुरुंगात असेपर्यंत मत देता येत नाही. हा नियम साध्या कैद्यालाही तोच आहे. सुटून आला की तो पुन्हा मत देऊ शकतो. अमेरिकेत गुन्हेगाराच्या मताचा नियम राज्याराज्यात वेगळा आहे; आपल्याकडे साऱ्या देशाला एकच कायदा.

निवडणुकीला उभे राहण्याची गोष्ट मात्र निराळी. लाचलुचपत किंवा देशाशी बेइमानी यासाठी सरकारी नोकरीतून बडतर्फ झालेल्याला पाच वर्षे आमदारकी-खासदारकी लढवता येत नाही. दोन वर्षे किंवा जास्त कैद झाली असेल, तर सुटल्यावर आणखी सहा वर्षे थांबावे लागते.

खरे मत बुडते ते ठपक्याने नव्हे, आळसाने. नोकरीतल्या जवानाचे नाव गावच्याच मतदारसंघात, पण यादीच्या शेवटच्या भागात, 'सेवा मतदार' म्हणून असते. तो टपालाने मत देतो. नोकरी संपली की हे नाव तिथून कमी होते आणि साध्या यादीत आपोआप चढत नाही. फौजी मतदानादिवशी शाळेत रांगेला उभा राहतो आणि यादीत नाव नाही म्हणून हात हलवत परत येतो. कारगिल पाहिलेल्या माणसावर ही वेळ का यावी?

उपाय सोपा आहे. घरी आल्यावर पहिल्या महिन्यातच नमुना 6 भरा आणि गावच्या बीएलओकडे किंवा तहसील कचेरीत द्या. पत्त्याला आधार कार्ड, बँकेचे पासबुक, नाहीतर जमिनीचा महसुली उताराही चालतो. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत नवे नाव घेता येत नाही, तेव्हा निवडणुकीची वाट पाहू नका. दोन ठिकाणी नाव ठेवणेही कायद्याला मंजूर नाही. अर्जात खोटे लिहिले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

माय-भगिनींनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट. नवऱ्याबरोबर छावणीत राहणारी पत्नीच सेवा मतदार होते. तुम्ही गावी राहून शेत आणि म्हशी सांभाळत असाल, तर तुमचे नाव गावच्या साध्या यादीतच हवे. अठरा पूर्ण केलेल्या मुला-मुलींचेही तसेच. अडले तर 1950 या क्रमांकावर फोन करा. पेन्शन-सवलतींची चौकशी कोल्हापुरातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी.

तेव्हा गावात कोणी फौजी परत आला असेल, तर तो कसा सुटून आला याची चर्चा पुरे करा आणि यादीत त्याचे नाव आहे का, ते बघा. नसेल तर त्याला सोबत घेऊन बीएलओचे घर गाठा.